स्ट्रेनची माहिती: पोर्टल पुरे की कलेक्शनलाच विचारायचं?

प्रयोगवही: एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीने पेपरात नुसतं 'बॅसिलस सबटिलिस' हे जिवाणूचं नाव वाचलं आणि शेजारच्या लॅबमधून कल्चर आणलं. दोन आठवडे झाले तरी ब्रॉथवर (पातळ माध्यमावर) जाड, सुरकुतलेली साय धरेना. शेवटी कळलं, हाती आलेला स्ट्रेन, म्हणजे त्या प्रजातीतला ठरावीक वाण, होता १६८. मूळ मारबर्ग स्ट्रेनचाच वंशज, पण लॅबमध्ये वाढता वाढता तशी साय धरणं विसरलेला. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्लही त्याला बाहेरून द्यावं लागतं. हवा होता साय धरणारा एनसीआयबी ३६१०. माझं ठाम मत, कल्चर हातात घेण्याआधी बॅकडाइव्ह आणि स्ट्रेनइन्फो ही स्ट्रेनची माहिती देणारी पोर्टलं उघडाच. डीएसएम १०, एटीसीसी ६०५१ आणि ३६१० ही वेगवेगळ्या कलेक्शन्सनी (जिवाणू जपून ठेवणाऱ्या संस्थांनी) एकाच स्ट्रेनला दिलेली नावं आहेत, हे तिथे एका ओळीत दिसतं.

पाषाणकर: इथेच माझा विरोध आहे. ती एका ओळीतली बरोबरी फक्त मूळ एक असल्याचं सांगते. एका कलेक्शनमधून दुसऱ्यात जाताना किती सबकल्चर झाले (किती वेळा नव्याने वाढवलं), प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं सुटं कडं टिकलं का, हे कसं कळणार? पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) एनसीआयएम हे कलेक्शन आहे, एनसीसीएस या संशोधन संस्थेचं एनसीएमआर आहे. तिथल्या क्युरेटरला स्ट्रेनचा इतिहास विचारा.

प्रयोगवही: विचारायचं ते कोणत्या नंबराबद्दल? तो नंबर पोर्टलवरच सापडतो ना. शिवाय तुम्ही पाषाणला जाऊन याल, धाराशिवच्या कॉलेजातली मुलगी काय करेल? तिच्यासाठी ती एक ओळ म्हणजे वाचलेलं अख्खं सेमिस्टर.

अँप्यूल: नवीन जिवाणू प्रजाती मांडताना टाइप स्ट्रेन, म्हणजे तिचा प्रमाण नमुना, दोन देशांतल्या दोन कलेक्शन्समध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे त्याला निदान दोन नंबर असतातच. तरी पेपरात एकही छापत नाहीत, चीड येते ती याची. अँटिबायोटिकच्या चाचणीत कंट्रोल म्हणून लावतात तो ई. कोलाय एटीसीसी २५९२२ घ्या, तोच डीएसएम ११०३. नंबर आणि कल्चर कुठून आणलं ते, एवढं लिहायला अर्धी ओळ लागते.

पाषाणकर: हे मान्य. पण पोर्टलवर दिसलं म्हणून हातातली नळी तीच, असं धरून चालू नका. लायोफिलाइज्ड (गोठवून सुकवलेल्या कल्चरची) अँप्यूल फोडली की पहिल्याच वाढीतून फ्रीजरसाठी ग्लिसरॉल स्टॉक करा आणि ओळख पटवणारं १६एस जनुक तपासा. आणि हो, १६एसवरून फार तर प्रजाती किंवा जवळच्या प्रजातींचा गट कळेल, १६८ की ३६१० ते नाही कळणार. त्यासाठी ट्रिप्टोफॅनशिवायच्या मिनिमल (अगदी मोजक्या घटकांच्या) माध्यमावर कल्चरची रेघ ओढून बघा; १६८ तिथे वाढणार नाही.

प्रयोगवही: ही रेघ सोमवारीच ओढायला सांगते. आमच्या डीप फ्रीजरमध्ये 'सबटिलिस, जुना' एवढंच लिहिलेल्या चार नळ्या आहेत, त्यांचीही.