एंडोमेट्रिऑसिस आणि पदरात लहान मूल : तुम्ही काय ठरवलंत?

माझी मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. ती झाल्यावर अंगावर पीत होती तोवर, म्हणजे जवळजवळ वर्षभर, पाळीच आली नाही. वाटलं, सुटले. कॉलेजात असल्यापासून आत्या, मावशी, शेजारच्या काकू सगळ्या हेच सांगत आल्या होत्या, मूल झालं की पाळीचं दुखणं जातं. दूध सुटलं आणि तिसऱ्या पाळीला मी बाथरूमच्या फरशीवर पोट धरून बसले होते. बाहेरून ती दार वाजवत होती, आणि मला उठून कडी काढता येईना.

सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात साडेचार सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्तानं भरलेली गाठ निघाली. एंडोमेट्रिऑसिस : गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. डॉक्टर बाईंनी तीन वाटा सांगितल्या : रोज डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी, मिरेना (गर्भाशयात ठेवायचं हार्मोनचं साधन) बसवणं, नाहीतर दुर्बिणीतून सिस्ट काढणं. म्हणाल्या, दुसरं मूल हवंय का ते आधी ठरवा, मग बोलू. आमचं नेमकं तेच ठरत नाहीये. ज्या यातून गेल्या आहेत त्यांनी लिहा, हवं तेवढं लांब लिहा.

*

मी गोळीवाली. दोन मिलिग्रॅम, रोज ठरलेल्या वेळी, चौदा महिने घेतली. पहिले तीन महिने थोडं थोडं अंगावर जात राहायचं, रोज पॅड लावावं लागे, आणि मी चिडचिडी झाले. मुलावर इतकी ओरडले एकदा की तो पलंगाखाली जाऊन बसला. ते आठवलं की अजून गलबलून येतं. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते मनावर घेतलं, बंद करायची तर करू म्हणाल्या. मीच अजून एक महिना मागितला, आणि चौथ्या महिन्यात रक्तस्राव थांबला, पाळीही थांबली, दुखणं गेलं. सिस्ट चारवरून अडीचवर आली.

दोन गोष्टी आधी कळायला हव्या होत्या. ही गोळी गर्भनिरोधक म्हणून धरायची नाही, वेगळी काळजी घ्यावी लागते. आणि ती आजार दाबून ठेवते, मुळासकट काढत नाही. दुसऱ्या मुलासाठी आता बंद केलीय. दोन महिन्यांत पाळी आली, दुखतंय, पण पूर्वीइतकं नाही.

अजून एक. मला कुणीतरी म्हणालं, दुर्बीण घालून बघितल्याशिवाय औषध कसं सुरू केलंस? पूर्वी तसंच होतं. २०२२च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणं आणि सोनोग्राफी किंवा एमआरआयवरून औषध सुरू करणं मान्य आहे. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाही असंही नसतं.

*

कोल्हापूरहून लिहितेय. माझं जरा वेगळं आहे, पण सिझर झालेल्यांनी वाचावं.

सिझरच्या टाक्याच्या उजव्या टोकाला गाठ आली. लिंबाएवढी. एकानं सांगितलं दोऱ्याची गाठ, दुसऱ्यानं हर्निया. पोरगं कडेवर घेतलं की त्याची टाच बरोबर तिथं लागायची आणि डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. सासूबाईच एक दिवस म्हणाल्या, अगं, तुला हे दर महिन्याला त्याच दिवसांत होतंय. मग मी कालनिर्णयवर खुणा करायला लागले. गाठ सुजली की फुली, पाळी आली की गोल. चार महिन्यांत फुल्या आणि गोल शेजारीशेजारी. ते पान फाडून तिसऱ्या डॉक्टरांपुढं ठेवलं. त्यांनी एमआरआय केला. टाक्यातला एंडोमेट्रिऑसिस. सिझरच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी पोटाच्या भिंतीत राहतात आणि दर पाळीला सुजतात. शस्त्रक्रियेत गाठ आजूबाजूच्या थोड्या मांसासकट काढली. दोन वर्षं झाली, परत नाही.

*

माझी मिरेना, तिसरं वर्ष. बसवताना कळ आली, पाच महिने बारीक रक्तस्राव, मग पाळी नावापुरती. दुखणं बरंच कमी. रोज आठवण ठेवायला नको, हे लहान पोराच्या घरात फार मोठं वाटतं. सिस्ट मात्र आहे तेवढीच आहे, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करते.

*

सिस्ट काढायला सांगितली असेल तर ताई, आधी एएमएच तपासून घे, अंडाशयात बीजं किती उरलीत त्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी. आधी. मी नाही घेतली, कारण कुणी म्हणालंच नाही.

मला दोन्ही बाजूंना होत्या, आणि गर्भाशयाच्या मागे आतड्याला चिकटलेल्या गाठी. पाळीत संडासला बसणं म्हणजे शिक्षा होती, मी दोन दिवस जेवायचीच नाही. शस्त्रक्रिया साडेतीन तास चालली. सहा आठवडे मुलाला उचलायचं नाही असं बजावलं होतं. आई साताऱ्याहून येऊन राहिली. तो तिच्याजवळ झोपायचा, पहाटे माझ्या पायाशी येऊन मुटकुळं करायचा.

दुखणं गेलं. मांडी घालून जेवते, संडासला सरळ जाते, या एवढ्याशा गोष्टींचं मोल मलाच माहीत. पण नंतर एएमएच ०.९, म्हणजे कमी आली. सिस्टचं आवरण सोलताना अंडाशयाचा चांगला भागही थोडा जातो, आणि दोन्ही बाजूंना असल्या की जास्त. आधीची किती होती ते आता कधीच कळणार नाही. दुसऱ्या मुलाची आम्ही दीड वर्ष वाट बघतोय. शस्त्रक्रिया चूक होती असं मी म्हणणार नाही, पण प्रश्न न विचारता टेबलावर गेले याचं वाईट वाटतं. आतड्याजवळचं काम कोण करणार, तोही सर्जन हजर असेल का, हेही विचार.

*

मी आशा म्हणून काम करते, मराठवाड्यात. इथं पोट दुखतंय म्हटलं की एकच सल्ला : लेकरं झालीत ना, मग पिशवी काढून टाक. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी राज्यभर झाली ती उगाच नाही. माझ्या सख्ख्या बहिणीची पिशवी एकोणतिसाव्या वर्षी काढली. अंडाशय ठेवले. दुखणं राहिलंच, कारण आजार पिशवीच्या बाहेर होता. तिला चालताना बघते तेव्हा माझा जीव तुटतो. काहींना पिशवी काढून आराम पडतो, तेही पाहिलंय, पण ती शेवटची पायरी आहे. पाळीच्या वयातल्या दहातल्या एका बाईला हा आजार असतो. दहातल्या एकीला! आणि आमच्या गावात त्याला नावसुद्धा नाही.

*

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. टाक्याच्या गाठीचं माझ्या जावेला वाचून दाखवलं, ती आता कॅलेंडर घेऊन बसलीय.

काल एएमएचसाठी रक्त दिलं, रिपोर्ट गुरुवारी. तो चांगला आला तर वर्षभर गोळी, असं आज तरी मन म्हणतंय. गोळीवाल्या ताई, तू ती रात्री घ्यायचीस की सकाळी? आणि त्या तीन महिन्यांत घरात कुणाला काय सांगून ठेवलं होतंस?