सुकी मासळी लिस्बनला न्यायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं तीन वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याहून लिस्बनला गेलो. पहिल्याच आठवड्यात एका दुकानाच्या दारात ओळखीचा वास आला. आत खारवलेल्या कॉड माशाच्या फळ्या रचून ठेवल्या होत्या. तिथे त्याला बाकल्याव म्हणतात. डोळ्यासमोर थेट आमचा बाजार उभा राहिला. भाजीवाल्याकडे 'बटाटा', 'अननस', 'काजू' हे शब्दही जवळजवळ तसेच कानावर पडले. तेव्हापासून ते गाव परकं वाटलेलं नाही.

पण बाकल्याव म्हणजे बांगडा नव्हे. सध्या सुट्टीवर घरी आलोय आणि पुढच्या आठवड्यात परत जायचंय. आईने सुके बांगडे, सोडे, जवळा, आमसुलं असं सगळं काढून ठेवलंय. "तुमकां थंय काय गावता?" हे तिचं पालुपद.

नियम वाचलेत. युरोपीय संघात स्वतःपुरती मासळी माणशी २० किलोपर्यंत नेता येते. दुधाचे पदार्थ बंद, म्हणून तूप आणि पेढे राहिले. नारळ चालतो. हापूसला मात्र वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणून तो इथेच पोटभर खाऊन घेतोय.

अडलंय ते बांधणीपाशी. पावसाळी दमट हवेत बांगडे पुन्हा सुकवायचे कसे? चुलीवरच्या शिंकाळ्यात टांगू की मंद तव्यावर फिरवू? आणि वास कपड्यांना लागू नये म्हणून कशात भरता? जवळ्याला बुरशी येऊ नये यासाठी काय करता? कुणी स्वतः नेली असेल तर कृपया सविस्तर लिहा, आईलाही वाचून दाखवीन.