ओपन सोर्स प्लेअरमध्ये इंटरनेट रेडिओ: टकटक, गोठणे आणि पारसिक बोगदा

घोडबंदर_बाइट:
मंडळी, सी मध्ये लिहिलेल्या एका छोट्या ओपन सोर्स प्लेअरला एचटीटीपी स्ट्रीम, म्हणजे इंटरनेट रेडिओ, जोडतोय. मूळ कोड फक्त डिस्कवरच्या एमपीथ्री आणि ऑग फायली वाजवतो, डीकोडर (फायलीतून आवाज काढणारा कोड) थेट एफओपन-एफरीडने फाइल वाचतात. लिबकर्ल (नेटवरून डेटा आणणारी लायब्ररी) घालून कच्चा पॅच चालतो, पण तीन अडचणी आहेत. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री स्टेशनवर दर सेकंदाला बारीक 'टक' येतो. ऑग स्टेशन लावलं की प्लेअर गोठतो. आणि लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर असताना एक्सप्रेस गाडी ठाणे-दिवा दरम्यानच्या पारसिक बोगद्यात शिरली की आवाज जातो, दिवा आलं तरी परत येत नाही. बफर ६४ केबीचा ४ एमबी केला, फरक शून्य. पॅच मूळ प्रकल्पाला पाठवायचाय, त्यामुळे जुगाड नको.

ऐरोलीचा_कर्नल:
टकटकीचं कारण तुमच्याच प्रश्नात आहे. तुम्ही विनंतीत 'आयसी-मेटाडेटा: १' हेडर पाठवत असणार. मग सर्व्हर उत्तरात मेटाइंट (किती बाइटनंतर मेटाडेटा येणार तो आकडा) सांगतो, आइसकास्ट या रेडिओ सर्व्हरवर बहुधा १६०००. म्हणजे दर १६००० ऑडिओ बाइटनंतर एक लांबीचा बाइट येतो, त्याला १६ ने गुणायचं आणि तितके बाइट गाण्याच्या नावाचे. नाव बदललं नसेल तर तो बाइट शून्य असतो, पण असतो! १२८ केबीपीएस म्हणजे सेकंदाला बरोबर १६००० बाइट, म्हणून दर सेकंदाला एक फ्रेम बिघडते. हे बाइट डीकोडरकडे जाण्याआधी गाळा. मोजणी फक्त ऑडिओ बाइटची, आणि लिबकर्लचा एक तुकडा मेटाडेटाच्या मधोमध संपू शकतो हे धरून स्टेट मशीन (आपण ऑडिओत आहोत की मेटाडेटात हे लक्षात ठेवणारा कोड) लिहा.

ऑगचा घोळ सीकचा, म्हणजे फाइलमध्ये मागेपुढे उडी मारण्याचा आहे. सीक कॉलबॅक नुसता शून्य परत करत असेल तर ऑग वाचणाऱ्या लिबव्हॉर्बिसफाइलला वाटतं फाइल मागेपुढे करता येते, आणि ती उघडतानाच शेवट शोधायला निघते. रेडिओला शेवट कुठला? ओव्ही_ओपन_कॉलबॅक्सला सीक म्हणून नल द्या. टॅग वाचणारा कोडही तपासा: आयडीथ्री या एमपीथ्रीच्या टॅगची पहिली आवृत्ती फाइलच्या शेवटच्या १२८ बाइटमध्ये असते, तोही शेवटाकडे धावतो.

जुगाड नको म्हणालात तर एफओपन सगळीकडून काढा आणि इनपुटचा वेगळा थर करा: वाचा, सीक करा, आकार सांगा, सीक जमतं का ते सांगा, बंद करा. डीकोडरला पुढे काय आहे, फाइल की सॉकेट, हे कळताच कामा नये.

खारघर_हर्ट्झ:
बोगद्याचं सांगतो, कारण बफर वाढवून तो कधीच सुटणार नाही. बोगदा साधारण १.३ किमी, गाडी ताशी ६० ने धरली तर ७८ सेकंद, म्हणजे सव्वा एमबी ऑडिओ. ४ एमबीत तो आरामात मावतो, पण भरणार कोण? थेट प्रक्षेपण वाजण्याच्याच वेगाने येतं. आइसकास्ट जोडणी होताच एकदम ६४ केबी देतो, चार सेकंद. तुमच्या टाकीत कायम तेवढंच पाणी. जास्त हवं असेल तर वाजवायला उशिरा सुरुवात करा. ७८ सेकंद थांबायला कोणी तयार नसतं, म्हणून तुटणं मान्य करून नीट पुन्हा जोडणं हेच खरं काम. पॉडकास्टची फाइल असेल तर मोठा बफर उपयोगी, तिथे सर्व्हर नेटच्या वेगाने देतो.

परत सुरू का होत नाही? आइसकास्टची रांग मुळात ५१२ केबीची, म्हणजे ३२ सेकंदांची. तेवढे मागे पडलात की तो तुम्हाला काढून टाकतो. ही बातमी बोगद्यात हरवते आणि तुमचं रीड कायमचं वाट बघत बसतं.

घोडबंदर_बाइट:
टकटक गेली, ऑगही उघडलं, आभार. पुन्हा जोडण्यासाठी कर्लऑप्ट_टाइमआउट ३० ठेवला, तर आता घरच्या वायफायवरही ३० सेकंदांनी रेडिओ बंद पडतो.

खारघर_हर्ट्झ:
तो पूर्ण ट्रान्सफरचा कमाल वेळ आहे, रेडिओला कधीच लावू नका. जोडणीसाठी कनेक्ट-टाइमआउट १० सेकंद. चालू प्रवाहासाठी लो-स्पीड-लिमिट १००० बाइट आणि लो-स्पीड-टाइम १० सेकंद, म्हणजे १० सेकंद वेग सेकंदाला १००० बाइटच्या खाली राहिला की जोडणी सोडायची. मग १, २, ४, ८ सेकंदांनी प्रयत्न, पुढे दर १५ सेकंदांनी. प्रत्येक नव्या जोडणीत मेटाइंट पुन्हा वाचा, मोजणी शून्यावर आणा, अर्धवट फ्रेम टाकून द्या. पॉजलाही हाच नियम: वाचणं थांबवलंत तर अर्ध्याएक मिनिटात हाकलले जाता, म्हणून रेडिओत पॉज म्हणजे जोडणी तोडणंच.

तपासणी टेबलावरच होते. दुसऱ्या मशीनवर आइसकास्ट लावा आणि लिनक्सच्या टीसी आदेशातल्या नेटएमने ८० सेकंद १०० टक्के पॅकेट गाळा. वायफाय बंद करून बघू नका, त्यात इंटरफेसच पडतो आणि कर्नल लगेच त्रुटी देऊ शकतो. बोगद्यात हॉटस्पॉट चालूच असतो, पॅकेट गुपचूप मरतात.

ऐरोलीचा_कर्नल:
पाठवण्याआधी दोन गोष्टी. जुने शाउटकास्ट सर्व्हर 'एचटीटीपी' ऐवजी 'आयसीवाय २०० ओके' म्हणतात. लिबकर्ल ७.६६ पासून ते मुळात नाकारतं, त्याच्या एचटीटीपी२००एलियासेस या पर्यायात ती ओळ घाला. दुसरं, गाण्याचं नाव पहिल्या अवतरणचिन्हाला तोडू नका, नावातही ते येतं. अवतरण आणि लगेच अर्धविराम शोधा. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं, त्यामुळे ठरावीक आकाराच्या कॅरेक्टर-अ‍ॅरेत नाव भरताना शेवटचं अक्षर अर्धं कापलं जातं. मेटाडेटा कमाल ४०८० बाइटचा, तेवढी जागा ठेवली की झालं.