खरी माती वापरा, पण आधी चुंबक फिरवा

मॉडेल रेल्वेच्या देखाव्यात जमिनीसाठी भुसा रंगवण्यापेक्षा खरी माती बरी, असं एकाने म्हटलंय, ते पटलं. कोकणातल्या जांभ्याचा तो तांबडा रंग पोस्टर कलरने येत नाही. पण माती थेट पसरू नका. जांभ्यात लोह भरपूर, आणि त्यातले चुंबकीय कण इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ओढून घेतं. मग मोटर अडते, गिअर झिजतात. माती उन्हात खडखडीत वाळवा, चहाच्या गाळणीने चाळा, कागदावर पातळ पसरा आणि पिशवीत गुंडाळलेलं चुंबक दोन-तीनदा फिरवा. पिशवी उलटी केली की चिकटलेली पूड झटक्यात सुटते.

माती चिकटवताना गोंदाचे थेंब तिच्यावर मोत्यासारखे घरंगळतात, अशीही एक तक्रार आहे. तो पृष्ठताणाचा खेळ. आधी पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं-निम्मं फवारा, मगच एक भाग फेव्हिकॉल, दोन भाग पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब हे मिश्रण ड्रॉपरने सोडा. वाळायला पूर्ण दिवस द्या. माती एक छटा गडद होते, म्हणून आधी पुठ्ठ्यावर नमुना करा. पॉइंटच्या, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याच्या, पात्यांजवळ मात्र गोंद नकोच. आत झिरपून पाती जखडतात. तिथे नुसता रंग पुरे.

झाडांचं एकच: एचओ या मॉडेल रेल्वेच्या मापात प्रमाण १:८७, त्यामुळे २० मीटरचा माड २३ सेंटिमीटरचा हवा. आठ-दहा सेंटिमीटरची तयार झाडं डब्यांशेजारी झुडपंच वाटतात. ती मागच्या डोंगरावर लावा, तिथे उलट, अंतराचा भास होतो.