पीच आणि बर्बनचे कॉकटेल घरी केले की पाणचट का होते?

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये जवळपासच्या बागांतले पीच बाजारात येतात आणि त्यांचा घमघमाट पिशवीतूनच येतो. गेल्या शनिवारी मी एक पिकलेला पीच, मूठभर पुदिना आणि अर्धे लिंबू शेकरमध्ये ठेचले, त्यात 45 मिलि बर्बन (मक्याची अमेरिकी व्हिस्की) व दोन चमचे साखर घातली आणि बर्फासह हलवून गाळले. पेल्यात उतरले ते पाणचट पेय. साखर शेकरच्या तळाशी तशीच राहिली होती, पीचचा स्वाद जवळजवळ नव्हताच आणि पुदिन्याचा कडवटपणा मात्र जिभेवर रेंगाळत राहिला. बर्बन 40 टक्के अल्कोहोलची होती. येत्या शनिवारी सहा जण जेवायला येणार आहेत. फळ वाढवावे की बर्बन, हे कृपया कोणी सविस्तर सांगावे.

उत्तर (लुईव्हिल, केंटकी)

फळ वाढवू नका. पीचमध्ये जवळजवळ नऊ दशांश पाणीच असते आणि हलवताना वितळणाऱ्या बर्फाची त्यात भर पडते, त्यामुळे फळ जितके जास्त ठेचाल तितके पेय पातळ होईल. साखरांब्यासाठी कैरीच्या किसात साखर मिसळून ठेवली की तिला आपोआप पाणी सुटते. तेच इथे करायचे आहे. अर्धा किलो पीचच्या सालीसकट फोडी, 250 ग्रॅम साखर आणि थोडा लिंबाचा रस काचेच्या बरणीत घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी फोडी आक्रसलेल्या दिसतील आणि त्यांच्याभोवती पाक जमलेला असेल. साल लालसर असेल तर पाकालाही तो रंग येतो. हा पाक उकळू नका, कारण आचेवर ताज्या पीचचा वास उडून जातो आणि उरते ती जॅमची चव.

एका पेल्यासाठी 60 मिलि बर्बन, 25 मिलि पिवळ्या लेमनचा गाळलेला रस आणि 25 मिलि पाक घ्यावा. फ्रीझरमधून नुकताच काढलेला टणक बर्फ घालून दहा-बारा सेकंद जोराने हलवावे आणि चहाच्या बारीक गाळणीतून गाळावे. पुदिना ठेचू नये, पाने चिरडल्यानेच तो कडवटपणा येतो. डहाळी तळहातावर एकदा थोपटून पेल्यात वरून खोचली की वास पुरेसा येतो.

आता बर्बनविषयी. अमेरिकी कायद्यानुसार तिच्या धान्यात किमान 51 टक्के मका असावा लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. व्हॅनिला आणि कॅरॅमलसारखा तिचा स्वाद त्या लाकडातून येतो आणि पीचशी त्याचे उत्तम जुळते. परंतु 40 टक्क्यांची बर्बन रस आणि बर्फाच्या पाण्यात दबून जाते. बाटलीवर ‘बॉटल्ड इन बाँड’ असे लिहिलेली घ्या; 1897 च्या कायद्याने ती 50 टक्के अल्कोहोलची आणि किमान चार वर्षे मुरलेली असावी लागते. राय हे धान्य अधिक असलेली मिळाली तर उत्तम, कारण तिचा मसालेदारपणा पाकाच्या गोडीला आवर घालतो. मात्र अशा 60 मिलिमध्ये 30 मिलि शुद्ध अल्कोहोल असते आणि गोडीमुळे ते लगेच जाणवत नाही, हे पाहुण्यांना आधीच सांगावे. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांना ते देऊच नये.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. 25 मिलि रसाने पेय आंबट होणार नाही ना? आणि सहा जणांसाठी एकेक पेला करत बसले, तर जेवणाकडे कोण पाहणार?

उत्तर (पुणे)

पाक आधी चाखून पाहावा. पीच मुळात आंबट असतील तर 20 मिलि रसावर थांबावे. सहा जणांसाठी 360 मिलि बर्बन, 150 मिलि रस आणि 150 मिलि पाक दुपारीच जगमध्ये एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवा, पण जगमध्ये बर्फ मुळीच घालू नका. पाहुणे आल्यावर दोन-दोन पेल्यांपुरते मिश्रण बर्फासह हलवले की पंधरा मिनिटांत सारे उरकते. मी मे महिन्यात हापूसचे असेच पेय करतो. आंब्याचा रस मुळातच दाट आणि गोड असल्याने तो 30 मिलि पुरतो, निराळा पाक लागत नाही आणि आपले कागदी लिंबू 20 मिलिहून अधिक सोसत नाही. बर्बनवरचे आयात शुल्क फेब्रुवारी 2025 मध्ये 150 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर आले असले तरी इथे ती महागच पडते, म्हणून मी प्रत्येक पेला मापूनच करतो.

प्रश्नकर्ती

काल सांगितल्याप्रमाणेच केले. रस 22 मिलिवर ठेवला, बर्बन 50 टक्क्यांची आणली, आणि या वेळी पहिल्या घोटालाच पीच कळला. सासूबाई मद्य घेत नाहीत. त्यांना तोच पाक, लिंबाचा रस आणि सोडा दिला, तर त्यांनी दुसरा पेला मागून घेतला. बरणीतल्या मुरलेल्या फोडी श्रीखंडाबरोबर वाढल्या. आता पाकाची दुसरी बरणी फ्रिजमध्ये आहे.