मदत हवी आहे: नव्या रायफलचा धक्का झेपत नाही, पॅड की ब्रेक?

खटका_खाली
बॅरल बसली, बेडिंग (रायफल दस्त्यात घट्ट बसवणं) झालं, दस्त्याचं पॉलिश तेवढं बाकी आहे. शनिवारी रेंजवर नेली. वीस गोळ्या मारायच्या ठरवल्या होत्या, अकराव्यालाच खांद्याने मान टाकली. १०० मीटरवर पहिल्या पाचांचा ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पसारा) ३० मिमी, शेवटच्या पाचांचा ७५. शिकार आणि टार्गेट दोन्हीला एकच रायफल हवी म्हणून हा सगळा खटाटोप. दस्त्याच्या मागे जाड रबरी पॅड लावू की मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला बसतो, वायू बाजूला फेकतो), एवढंच सांगा. गनस्मिथला उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय. थिअरी नको.

शून्य_अंश
कॅलिबर? वजन? बसून मारल्या की झोपून? पत्रिकेशिवाय भविष्य विचारताय राव.

धडाम
ब्रेक. डोळे मिटून ब्रेक. मी लावला आणि आयुष्य बदललं.

रानवाटा
@धडाम, आयुष्य तुमचं बदललं, कान शेजारच्याचे गेले. रेंजवर ब्रेकवाला शेजारी आला की मी सामान उचलून दुसऱ्या टोकाला जातो. रानात तर कोणी कानाला मफ लावून बसत नाही. तिथे ब्रेक लावून एक गोळी मारली तरी कान बराच वेळ वाजत राहतात.

धडाम
मग लावा ना मफ. बाहेरचा बारीक आवाज ऐकू येईल आणि धडाका दबेल असे इलेक्ट्रॉनिक मफ मिळतात. कोणत्या जमान्यात आहात?

खटका_खाली
.३०० विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम, जास्त दारूचं काडतूस), लिहिलं नव्हतं का? स्कोपसकट ३.६ किलो. डोंगर चढायचाय म्हणून मुद्दाम हलकी केली. बेंचवरून मारल्या. आता सांगा.

शून्य_अंश
३.६ किलोत विन मॅग! आणि वर म्हणे थिअरी नको. थोडी ऐकाच. गोळी ११.७ ग्रॅम, वेग ९०० मी/से धरला तर संवेग (वस्तुमान गुणिले वेग) १०.५. दारू ४.७ ग्रॅम, तिचे वायू गोळीच्या पावणेदोन पट वेगाने निघतात असं धरतात, म्हणजे आणखी ७.४. बेरीज १७.९. हे सगळं ३.६ किलोवर उलटतं तेव्हा रायफल सेकंदाला ५ मीटरने मागे येते, ऊर्जा ४५ ज्यूलच्या आसपास. याच वजनात ६.५ क्रीडमूरचं लहान काडतूस १८ ज्यूलच्या घरात राहते.

ब्रेकला हात घालता येतो तो फक्त त्या ७.४ वर. गोळीच्या वाट्याचं तो काही करू शकत नाही. मॅग्नमात दारू भरपूर म्हणून तिथे ब्रेकचा फरक जाणवतो, लहान काडतुसात तेवढा नाही. पॅड ऊर्जा कमी करत नाही, धक्का थोडा लांबवतो. खांद्याला मात्र तेवढंही पुरतं.

पारा_चढला
धक्का झेलायला दस्त्यात पाऱ्याची नळी बसवा, विषय संपला.

शून्य_अंश
त्यात पाऱ्यापेक्षा वजनाचंच काम जास्त. अर्धा किलो वाढवला की ४५ चे ३९ होतात, मग ते शिशाचं असो नाहीतर पाऱ्याचं.

जुना_बार
आमच्या वेळी दस्त्याला लोखंडी पट्टी असायची. पॅड नाही, ब्रेक नाही. बंदूक खांद्यात घट्ट दाबून धरायची, बस्स. आजकालची पोरं नाजूक.

रानवाटा
आजोबा, त्या बंदुका चार किलोंच्या असायच्या. शिवाय तुमचा डावा कान आजही ऐकत नाही, हे तुम्हीच मागच्या धाग्यात लिहिलंय.

ग्रेन_मोजणारा
ट्विस्ट (नळीतल्या खाचांचा पीळ) किती आहे? १:१० (दहा इंचात एक फेरा) असेल तर २०० ग्रेनची (सुमारे १३ ग्रॅम) गोळी नक्की वापरून पाहा, वाऱ्यात फार छान चालते.

शून्य_अंश
माणूस धक्क्याने रडतोय आणि तुम्ही त्याला आणखी जड गोळी देताय.

लाकूडतोड्या
दस्ते घडवतो म्हणून विचारतो. गालाला लागतं का?

खटका_खाली
हो, गालाच्या हाडावर. पण मी खांद्याचं विचारलंय.

लाकूडतोड्या
स्कोपची पुढची काच किती मिमीची? स्कोप धरणाऱ्या रिंगा उंच आहेत का? दस्त्यावर गाल टेकून डोळे मिटा, मग उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल चित्र दिसतं का?

खटका_खाली
५६ मिमी, उंच रिंगा. दिसत नाही, डोकं थोडं उचलावं लागतं. सगळेच उचलतात ना?

लाकूडतोड्या
नाही हो. सापडलं बघा. दस्त्याचा माथा (गाल टेकतो ती वरची कड) खाली, स्कोप वर. डोकं उचललं की गाल हवेत राहतो आणि दस्ता उसळून त्याच्यावर आपटतो. स्कोप डोळ्यासमोर आणायला तुम्ही सगळी रायफल वर सरकवत असणार, मग पॅडचा खालचा अर्धाच खांद्यात बसतो. तोच धक्का निम्म्या जागेवर! त्यात बेंचवर वाकून बसलात तर अंग मागे झुलत नाही, सगळं हासळीच्या हाडावर (कॉलरबोनवर) येतं. टेबल खाली आहे, छाती सरळ राहील इतकी बंदूक उंच करा.

लाकूड कापू नका, ब्रेकची ऑर्डरही देऊ नका. माथ्यावर फोमचे थर ठेवून चिकटपट्टीने बांधा, डोळा आपोआप स्कोपच्या मध्ये येईपर्यंत. मग पाच गोळ्या मारा.

नेम_धरून
शिवाय ७५ मिमीचं कारण दचकणं असू शकतं. मित्राला मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एखाददुसरं डमी (न उडणारं काडतूस) मिसळायला सांगा, तुम्ही बघू नका. डमीवर नळी खाली झुकली की समजा, धक्का यायच्या आधीच अंग घाबरतंय. अर्थात प्रत्येक बार भरलेलाच समजून, नळी टार्गेटकडेच ठेवून.

धडाम
एवढं करण्यापेक्षा ब्रेक लावला असता एव्हाना.

खटका_खाली
फोम बांधला. गालाला लागणं जवळजवळ बंद, पॅड पूर्ण बसतं. डमीवर नळी चांगली दोन बोटं झुकली, मित्र अजून हसतोय. पाच गोळ्या ३८ मिमीत. धक्का आहेच, पण मारवत नाही असं नाही. एक घोळ झाला, आता बोल्ट (काडतूस आतबाहेर करणारा दांडा) मागे येताना फोमला अडकतो आणि बाहेर निघतच नाही.

लाकूडतोड्या
मीच सांगायला विसरलो. माथ्याची उंची कायम ठेवा, बोल्टच्या वाटेत येणारा फोम तेवढा कापा. नवा माथा वरखाली होणारा करून घ्या, म्हणजे साफसफाईला उतरवता येईल. गनस्मिथला काय कळवलंत?

खटका_खाली
थांब म्हणालो. तो म्हणे, ब्रेकसाठी नळीला आटे पाडून झालेत.

धडाम
😀