दोन गाड्यांच्या जागी एक सेकंडहँड फोर बाय फोर : जिमनीही बघा

घरची हॅचबॅक आणि शेतावरची जुनी जीप दोन्ही काढून एकच सेकंडहँड फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी घ्यायचीये असं तुम्ही विचारलंत आणि उत्तरांत बहुतेकांनी महिंद्रा थारच सुचवलीये. थार दणकट आहेच, २.२ डिझेलची ताकद चिखलात जाणवते, पण तुमची ही एकुलती एक गाडी असणारे हे विसरू नका. तीन दरवाजांच्या थारमध्ये मागे बसायला पुढची सीट सरकवून चढावं लागतं, तुमच्या गुडघे दुखणाऱ्या आईला ते रोज कसं जमणार?

म्हणून मी म्हणेन पाच दरवाजांची मारुती जिमनी आधी चालवून बघा. २०२३ ला आली, लॅडर फ्रेम (शिडीसारखा मजबूत सांगाडा) आहे, लो रेंज (चिखल-चढासाठी हळू पण जास्त जोर देणारा गिअर) आहे, वजनाला हलकी म्हणून ओल्या मातीत कमी रुतते. डिकी मात्र लहान, २०८ लिटर, आणि पेट्रोलच मिळते, तेव्हा रनिंग जास्त असेल तर हिशोब नीट मांडा.

थारच घेणार असाल तर २०२३ पासून टू व्हील ड्राइव्हवालीही आलीये, बाहेरून सारखीच दिसते, त्यामुळे आत गिअरशेजारी फोर बाय फोरचा दुसरा लिव्हर आहे ना ते बघाच. आणि ट्रायल घेताना फोर लो (चारही चाकं आणि लो रेंज) मातीवर टाकून बघा, डांबरावर नको, कोरड्या रस्त्यावर वळताना ट्रान्समिशनवर ताण येतो. कोकणातली गाडी असेल तर लिफ्टवर चढवून चासीचा गंज बघितल्याशिवाय टोकन देऊ नका, आणि मोठे टायर, लिफ्ट किट (गाडी उंच करायचे पार्ट) टाकलेली गाडी तर मी सरळ सोडून देईन.